शिरीष जिवंत असेतोवर

मी, वय एकोणऐंशी, धंद्याने बागांचा आखणीकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ‘म्हातारा भ्रमिष्ट झाला होता’ हे वाक्य घरात कुणीतरी आत्तापासूनच घोकत असणार. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बँकेतली ठेव मुलगी आणि मुलगा यांना निम्मी निम्मी.

२. आखणीचे टेबल आणि छाटणीच्या कात्र्या रोपवाटिकेच्या मालकीणबाईंना. मोठी कात्री जावयांनी मागितली होती. कशाला, ते सांगितले नाही. देऊ नये.

३. शाळेतली कवितांची पुस्तके मुलीला. त्यांतली झाडे वाऱ्याशी हुज्जत घालत. त्या नादानेच मी या धंद्यात आलो. संध्याकाळी अजून चाली ओठांवर येतात. खरे झाड मात्र तोंड उघडत नाही. उघडले असते तर पुढचे कलम लिहावे लागले नसते.

४. घर आणि जागा. मधोमध शिरीष आहे. घर बांधले ते त्याला वळसा घालून. सासरे म्हणाले होते, “जावईबापू, या वळशात एक खोली गेली की!” बायको म्हणाली, “जाऊ द्या हो, सावली आली ना!”

ती गेल्यापासून हे झाड सगळ्यांच्या डोळ्यांत सलते. ते आहे तोवर इथे मोठी इमारत उभी राहत नाही. जिवंत झाड तोडायला परवानगी मिळत नाही; मेलेल्याला कोण विचारतो?

यंदा एका अंगाची पाने अवेळी पिवळी पडली. मुळाशी माती उकरली, तर बुंध्यात भोक. खोडकिडा असा सुताराचा गुण्या लावल्यासारखा सरळ पोखरत नाही. मुलाला दाखवले.

“बाबा, झाडंसुद्धा म्हातारी होतात.”

“होतात. गिरमिट लावून नाही.”

“म्हणजे मी केलं?”

“गिरमिट तुझं आहे.”

“ते दाजींनी नेलंय!”

जावई म्हणतात, केव्हाच परत दिले. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हाला घरातसुद्धा चोरच दिसतात.” दिसतात.

तरुणपणी एका सार्वजनिक बागेत मी नागमोडी वाट आखली. लोक हिरवळ तुडवत सरळच गेले. काटेरी कुंपण घातले, तेही वाकवले. शेवटी त्यांच्या पायवाटेवरच फरशी घातली आणि हिरवळ वाचली. तेव्हापासून मी माणसांना उपदेश करत नाही. त्यांचा फायदा जिकडे, तिकडून वाट काढतो.

म्हणून: शिरीष जिवंत असेतोवर घर आणि जागा मुलगी-मुलगा दोघांची, समसमान. विकायची तर झाडासकट, याच अटीवर. झाड कोणत्याही कारणाने वाळले, तर सगळे गावाच्या बागखात्याला, मोकळे मैदान म्हणून. वीटही चढू नये. पाणी मुलाने घालावे, त्याच्यावर नजर जावयांनी ठेवावी. दोघांचे पटत नाही, ते झाडाच्या पथ्यावर पडेल.

काल हे सर्वांना वाचून दाखवले. लपवलेले कुंपण काय कामाचे? आज सकाळी मुलगा नळी घेऊन अंगणात उभा.

“बाबा, पाणी कुठं सोडू? बुंध्याशी?”

जन्मात पहिल्यांदा त्याने बागेतले काही विचारले. जीव सुखावला, लगेच वाटले, बुडवून मारायचा बेत तर नसेल?

“बुंध्याशी नको. सावलीच्या कडेला.”

“इथं?”

“अजून मागे.”

तो मागे सरकला. मी खिडकीतून हललो नाही.

सही: आखणीकार, घरमालक
साक्षीदार: १. डॉक्टर २. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (दोघांनाही यातले काही मिळणार नाही, म्हणून निवडले)
स्थळ: राहते घर, अंगणाकडची खोली
दिनांक: ७ मार्च, शनिवार