मशालीसाठी मोकळे हात

१२ डिसेंबर

कासियान आज तोंडावरच बोलला. "ताई, एकतीसला मशाल घेऊन उतरायचं असेल तर अठ्ठावीसला मधला उतार माझ्यासमोर उतरून दाखव. बहीण म्हणून सूट नाही." धाकटा भाऊ, पण गावच्या स्की-शाळेचा मुख्य झाल्यापासून माझाही मास्तर झालाय. बरोबरच आहे म्हणा त्याचं. वर्षअखेरीच्या रात्री दोन्ही हातांत मशाली घेऊन अंधारात रांगेनं उतरायचं. एक पडला की मागचे त्याच्यावर!

सोळाव्या वर्षापासून मी त्या रांगेत होते. गवत कापायचं यंत्र उतारावर कलंडून उजव्या पायावर पडलं, तेव्हापासून गुडघ्याखालची नस मेली. पाऊल लोंबतं, पोटरीची काडी झालीय. प्लास्टिकचा ब्रेस बांधला की चालता येतं. गेली दोन वर्षं खाली आईबरोबर उभी राहून लोकांना गरम वाइन वाटते. यंदा नाही वाटणार. बस्स.

१४ डिसेंबर

रोमेडच्या स्कीच्या दुकानात. त्यानं टोकाला छोट्या स्की लावलेल्या दोन कुबड्या काढल्या. एका पायावर उतरायचं, अधू पाय उचलून धरायचा. दुकानामागच्या चढावर करून पाहिलं. झकास जमलं—वळले, थांबले, रोमेड खूश. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अरे, पण मशाल कुठे धरू?"

"दातात," म्हणाला. मेला.

१७ डिसेंबर

हात मोकळे हवेत म्हणजे दोन्ही पायांत स्की हव्यात. ब्रेससकट पाय मावावा म्हणून उजवा बूट चांगला मोठा घेतला. पाय आत डुगडुगतो. रोमेडनं स्पंज कोंबला, तरी पाय वळतो आणि बूट वळत नाही. डावीकडे वळायचं म्हटलं की आडवी. ब्रेसच्या कडेनं नडगी सोलून निघाली.

आई म्हणाली, "हौस फिटली का? या उतारांना एक पाय दिलास तेवढा पुरे नाही झाला?" सूप प्यायले आणि झोपले.

२१ डिसेंबर

पुन्हा पडले. ब्रेस ओलाचिंब. घर तापवायच्या मोठ्या शेगडीभोवतीच्या कट्ट्यावर वाळत घातलाय.

२२ डिसेंबर

गेलं सगळं. सकाळी बघते तर ब्रेस शेगडीवर, पार धुरांड्याला टेकलेला! मऊ होऊन असा मुडपलाय की पाय आत जातच नाही. मी कट्ट्यावर ठेवला होता ना? की दमलेल्या डोक्यानं वर टाकला? "तुझं लक्ष असतं कुठे," आई म्हणाली. नवा आता सुट्ट्या संपल्यावर, जानेवारीत. गोठ्यात जाऊन रडले. गाईला काय, ती चघळत होती.

२४ डिसेंबर

हे लिहायलाच हवं. सकाळी गोठ्यात जायचं होतं. साधा बूट घातला की पाऊल बर्फात फरफटतं. वैतागून माझे जुने स्कीचे बूट काढले, बिनब्रेसचा पाय घातला, बकलं आवळली. आणि पाऊल लोंबेना! ब्रेस जे करायचा ते हा बूट करतोय, त्याहून घट्ट.

तसेच बूट घालून रोमेडकडे गेले. नाताळासाठी दुकान लवकर बंद करून तो कुलूपच लावत होता. बघितलं आणि कपाळावर हात मारला. "या बुटात कुणाचाच घोटा हलत नाही, बुर्गी. आणि आपण बुटात बूट कोंबत बसलो." पोटरीभोवती लोकरीची जाड पट्टी, टाचेखाली पाचर, आणि पडले तर उजवी स्की चटकन सुटेल अशी कळ सैल केली. झालं. एवढंच!

बाहेर रस्त्यावर स्कीचे बूट घातलेली सगळी माणसं खडाड-खडाड, बदकासारखी चालली होती. मी त्यांच्यातलीच एक. कुणी वळून पाहिलं नाही. इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

२८ डिसेंबर

उतरले. कासियान म्हणाला, "डावं वळण अजून बोजड आहे," आणि दोन मशाली हातात दिल्या. मग तोंड फिरवून उगाच चष्मा पुसत बसला.

१ जानेवारी

काल रात्री रांगेत सगळ्यांच्या मधोमध होते. पायानं साथ दिली. खाली पोचले तेव्हा आई वाइनच्या पातेल्याशी उभी. "खालून तू कुठली ते कळेचना," म्हणाली. "सगळे उजेड सारखेच." दोन वर्षांत कुणी माझ्याशी इतकं चांगलं बोललं नव्हतं. तिला मात्र आनंद झाल्यासारखं दिसलं नाही. थंडीनं असेल.

२ जानेवारी

आईनं आज कॉफी ओतताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. ब्रेस तिनंच धुरांड्याशी सरकवला होता. "तो नसला की घरी बसशील वाटलं." मी म्हटलं, नवा आला की आधी शेगडी विझवू. दोघी हसलो. मग किटली तिच्या हातातून घेऊन तिची कॉफी मी ओतली.