एका डब्यात पाच कॉम्प्युटर

४ जून २००७, सोमवार
आजपासून रोजनिशी. गेल्या महिन्यात व्होल्टेज वाढून नारायणगावच्या माझ्या क्लासमधले चार कॉम्प्युटर जळाले. पाचवा वाचला, कारण माझ्या बायकोनं, शीलानं, झाडताना त्याची पिन काढली आणि परत लावायची विसरली. विसरल्याबद्दल मी तिला बोललो होतो. चार जळाले तेव्हा मला काही वाटलं नाही. अजून वाटत नाही. स्वभाव खंबीर असला की असं होतं.
पुण्याच्या संस्थेचं पत्र आलं. नेटवर्किंगच्या कोर्सला मान्यता हवी तर पाच कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले दाखवा. तपासणी २८ तारखेला.
निश्चय : उरलेल्या एका कॉम्प्युटरच्या आतच पाच व्हर्च्युअल, म्हणजे नुसते प्रोग्रॅममधले, कॉम्प्युटर उभे करायचे. आतल्या आत नेटवर्क. वायर नको, टेबल नको. तीन दिवसांचं काम. चौथा दिवस राखीव.

७ जून
राखीव दिवसही गेला. पहिला व्हर्च्युअल कॉम्प्युटर मात्र झाला. खिडकीच्या आत खिडकी. त्यात विंडोज भरायला पावणेतीन तास लागले. तेवढ्यात शीला दोनदा येऊन गेली. अकरावीचे फॉर्म टाइप करून घ्यायला माणसं जिन्यावर बसलीत म्हणाली. म्हणालो, हे फॉर्मचं तात्पुरतं आहे, आपलं खरं काम हे. ती जिन्यावर जाऊन त्यांना उद्या या म्हणाली.

११ जून
पाच वेळा विंडोज कोण भरत बसणार? पहिल्याच्याच चार कॉप्या मारल्या. पाच झाले. ही युक्ती पुण्यातसुद्धा फार जणांना सुचत नसेल.

१२ जून
पाचही एकदम चालत नाहीत. रॅम, म्हणजे मशीनची मेमरी, ५१२ एमबीच. तीन चालतात. म्हणजे दोन चालतात आणि तिसरा विचार करतो.
पिंग केलं. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली नाही. चार हाका, चारही वाया.

१५ जून
कारण सापडलं. कॉप्या मारल्यामुळं पाचहीचं नाव एक, पत्ता एक. एका आळीत पाच घरं, पाचही घरांत भरत नावाचाच माणूस राहतोय, पोस्टमननं काय करायचं? नावं बदलली : नारायणगाव, मंचर, ओतूर, आळे, जुन्नर. पत्तेही वेगळे दिले.
तरी ओ नाही. दोष मंचरमध्ये असावा.

१८ जून
गाळ्याचे मालक गेणभाऊ वर आले. त्यांचा खाली टोमॅटोच्या क्रेटचा धंदा. त्यांना सगळं नीट समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, भरतराव, मंग मी बी एका क्रेटमंदी पाच क्रेटचा माल भरतो, मार्केटात कोण मोजतंय. अडाणी माणसाशी वाद घालायचा नाही हा नियम केला.

२० जून
मंचर काढून टाकून नव्यानं केलं. दोष मंचरमध्ये नव्हता.
दुपारी शीला म्हणाली, तुमी मे महिन्यापासून नीट बोललाच न्हाई. म्हणालो, बोलतोय की. तिनं विचारलं, शेवटचं काय बोलला सांगा. आठवलं नाही. रॅम म्हणालो असेन. ती बराच वेळ दारात उभी होती. माझं लक्ष स्क्रीनवर होतं, पण स्क्रीनवर काही चालू नव्हतं.

२७ जून
फायरवॉल. विंडोज स्वतःच हाका अडवत होतं. बंद केला. ओतूरनं हाक मारली, आळ्यानं ओ दिली. चारदा.
आनंद व्हायला हवा होता. थोडा वेळ वाट बघितली. मग शीलाला बोलावून दाखवलं. तिनं चारही ओळी वाचल्या. बरं झालं म्हणाली, आणि उद्या साहेब येणार म्हणून केर काढायला लागली. या वेळी पिन काढली नाही.

२८ जून
साहेब अकराला आले. बाकीचे कॉम्प्युटर कुठायत म्हणाले. म्हणालो, आत. त्यांनी आतल्या खोलीत डोकावलं. तिथं माठ आणि रिकामे क्रेट.
मग स्क्रीनवर दाखवलं. ओतूर उघडलं, आळे उघडलं. जुन्नर उघडताना सगळंच थांबलं. साहेब भला माणूस. म्हणाले, राव, समजा चाललं. पण पाच पोरं आली तर बसवणार कुठं?
या बाजूनं मी विचार केला नव्हता. आळीपाळीनं, म्हणालो.
साहेबांना तपासणीचा अहवाल टाइप करून हवा होता. शीलानं मशीन बंद करून चालू केलं आणि ते सांगतील तशी मराठीत दोन पानं बसल्या बसल्या टाइप करून दिली. त्यातच माझी नामंजुरी होती. साहेबांनी पानं दोनदा वाचली. ताई, कुठं शिकलात म्हणाले. ती म्हणाली, हितंच, लोकांचे फॉर्म भरता भरता.

९ जुलै
संस्थेचं पत्र. साहेबांच्या शिफारशीनं मराठी टायपिंगच्या केंद्राला मान्यता. एक कॉम्प्युटर चालेल. संचालिका : शीला.
गेणभाऊंनी पेढे आणले. ते आज तिला वहिनी म्हणाले नाहीत, मॅडम म्हणाले.
दुपारी ती कर्मचाऱ्यांचा तक्ता भरत होती. त्यात पदं तीनच : शिक्षक, लिपिक, शिपाई. शिक्षक ती स्वतः. लिपिकाला मराठी टायपिंग यावं लागतं, ते मी कधी शिकलो नाही. माझ्या नावापुढं कर्सर बराच वेळ लुकलुकत होता. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, लिहू का?
म्हणालो, लिही.
तिनं लिहिलं. मी वाचून बघितलं. शुद्धलेखन बरोबर होतं.