‘सेट’ काही संपत नाही

तीर्थस्वरूप लुईझाताईस,

हार्लनचा साष्टांग नमस्कार (गुडघा परवानगी देईल तितका). तुझा खुबा आता कसा आहे? बर्लिंग्टनला अजून बर्फ आहे का? अ‍ॅडलिन तुझ्याकडे नीट जेवते ना?

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत घोर अन्याय चालला आहे, तो आधी सांगतो. समोरच्या टेबलावरची प्रुडन्स दिवसभर कच्ची गाजरं खाते. बोलायला बंदी असलेल्या खोलीत गाजर म्हणजे तोफखाना! (तुला ठाऊकच आहे, आमच्याकडे तोंडातून शब्द काढायचा नाही, जे काय असेल ते चिठ्ठीवर लिहून दुसऱ्याच्या ट्रेमध्ये टाकायचं, त्याने लाल पेन्सिलीने शेरा मारून परत करायचं.) अशा भडिमारात मी हिवाळाभर ‘सेट’ या एका शब्दाशी झुंजतो आहे. चहाचा सेट, टेनिसचा सेट, नाटकाचा सेट. शिवाय सूर्य मावळतो तो सेट, जेली थिजते ती सेट, मोडलेलं हाड बसवतात तेही सेट. बरं, हा एकच शब्द असावा ना? तेही नाही. एक माझ्या लाडक्या संस्कृतातल्या ‘सद्’चा, म्हणजे बसण्याचा, चुलतभाऊ, दुसरा लॅटिनमधून फ्रान्समार्गे आलेला, मागोमाग जाणाऱ्यांचा, ‘सच्’च्या आणि म्हणून सचिवाच्या नात्यातला. दोघं शतकानुशतकं एकाच नावाने राहतात आणि त्यांचं टपाल मात्र माझ्याकडे येतं.

आता त्या चिठ्ठीचं. अ‍ॅडलिनने सांगितलंच असेल, पण माझीही बाजू ऐक. त्या सकाळी ओट्यावर चिठ्ठी होती: ‘या घरात बोलायला माणूस नाही. काही दिवस लुईझाकडे जाते.’ मी डोक्यात ‘सेट’ घेऊन कॉफी पीत होतो. हात आपोआप खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. ‘वाक्य स्वच्छ. “काही दिवस” मोघम, नेमके किती?’ असा शेरा मारला, खाली माझी आद्याक्षरं टाकली, चिठ्ठी होती तिथे ठेवली आणि कचेरीत गेलो. ती तेव्हा वरच्या मजल्यावर बॅग भरत होती!

गसला, माझ्या कचेरीतल्या जुन्या मित्राला, हे व्हरांड्यात सांगितलं (बोलायची जागा तेवढीच).

“बायको घर सोडून चालली आणि तू तपासून दिलंस?”

“शेरा चुकीचा नव्हता रे.”

“मग बस, गाढवा, तो बरोबर शेरा उराशी धरून!”

बसवत नाही, ताई. रेडिओ लावतो, बंद करतो, डब्यातल्या बीन्स गरम करतो आणि त्या गार होईपर्यंत घरभर येरझाऱ्या घालतो. बाकी मी मजेत. काळजी नसावी.

तुझा धाकटा,
हार्लन

ता. क. अ‍ॅडलिनची लोकरीची टोपी इथेच राहिली आहे. टपालाने पाठवू, की घेऊन येऊ?

आणखी ता. क. टोपी हे निमित्त. शनिवारी मी आलो तर ती मला भेटेल का, एवढं तिला विचार आणि मला फोन कर. तिने अजून मला एक अक्षरही कळवलेलं नाही. ती परत येणारच नाही, अशी मला भीती वाटते.