टाकीतलं पाणी

१२ जानेवारी
जिवंत आहे! कपाळाला चार टाके, बस्स. कळंबवर वळण घेतलं आणि इंजिन बंद. विमानात मी एकटीच. खाली तोडणी झालेलं उसाचं रान दिसलं, तिथंच टेकवलं. टेकवलं कसलं, आदळलं! शेतातल्या सिंधुबाईंनी पट्टा सोडवून बाहेर ओढलं. "पोरी, डोळं उघड गं!" एवढंच आठवतंय.

१३ जानेवारी
वडगाव निंबाळकर, घरी. खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ. हात लावला की बरं वाटतं. आम्हाला विमान उडवायला शिकवणारे रविंद्र सर भेटायला आले. म्हणाले, पूर्वी छोट्या विमानांत नुसता कमरेचा पट्टा असायचा. डोकी समोर आपटून माणसं गेली, तेव्हा कुठं खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला.
कोण होती ती माणसं? नावंही माहीत नाहीत. त्यांच्यामुळं आज आईच्या हातचा भात खाल्ला.

१५ जानेवारी
माझ्या विमानाच्या पेट्रोलमध्ये पाणी सापडलं, त्यानंच इंजिन बंद पडलं. मेकॅनिक रामभाऊंना घरी बसवलंय.
इथं लिहिते — त्या सकाळी मी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून बघितलंच नाही. उशीर झालेला. 'तपासलं' म्हणून खूण केली आणि उडाले. होस्टेलवरच्या सोनमला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "गप्प बस. लायसन जाईल."

१६ जानेवारी
सांगून टाकलं! चौकशीला आलेल्या करुणा मॅडमनी पेन खाली ठेवलं. वाटलं, संपलं. तर म्हणाल्या, "शिक्षा देणं माझं काम नाही. घाई कशाची होती?"
एक विमान उतरलं की पाच मिनिटांत तेच दुसऱ्याला द्यायचं — सगळं सांगितलं. त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला.
संध्याकाळी रामभाऊंचा फोन. "पोरी, तू बोललीस म्हनून माजी अब्रू राह्यली." माझ्यामुळं घरी बसले, आणि आभार मानतायत! रडले.

४ मार्च
नवा नियम लागला. बाटली दोघांनी बघायची, दोघांच्या सह्या. दोन उड्डाणांमध्ये अर्धा तास. मला मात्र उड्डाणशाळेनं तीन महिने उडायला बंदी केलीय. तोवर जमिनीवर दुसरी सही करायची.
चालेल!

१९ मार्च
आज सोनमचं विमान. तिनं बघून सही केली होती. मी बाटली उन्हात धरली. तळाशी पाणी.
सोनम बराच वेळ माझा हात धरून उभी होती.
उड्डाण रद्द.