शेजारच्या सीटवरचा ब्रेक

३ मार्च
आजपासून रोजनिशी. मन शांत राहावं म्हणून. तसं ते शांतच आहे, पण मेहुण्याला पटत नाही. ड्रायव्हिंग स्कूल त्याचं, शिकवतो मी. अकरा वर्षं. आज म्हणाला, दाजी, तुमचे विद्यार्थी सलग सात टेस्ट नापास, त्यातल्या दोन एकट्या नर्सबाईंच्या. वीस तारखेला त्या परत नापास झाल्या तर गाडी सोडा आणि काउंटरला बसून फोन घ्या.
काउंटरला? मी? गाडीत बसल्याशिवाय मला दिवस उगवल्यासारखा वाटत नाही.
नर्सबाईंचीही गोची आहे. घरोघरी जाऊन पेशंट बघायची नोकरी मिळालीय, लायसन्स नसेल तर ती जाणार.
संकल्प: बाईंना पास करणारच.

४ मार्च, सकाळी ७
पुन्हा श्रीगणेशा. अर्धा तास व्याख्यान दिलं. अपेक्षा माफक ठेवा, चुका होणारच, मागचा हॉर्न मारणारच, घाबरायचं नाही. चार आकडे मोजत श्वास आत, चार मोजत बाहेर. बाई म्हणाल्या, हे मी पेशंटना रोज सांगते, तुम्ही क्लचचं सांगा.
चौकात नेलं. गाडी एकदाही बंद पडली नाही. माझ्या शेजारी बसून कुणाचीच पडत नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. हे मेहुण्याला दिसत नाही.

७ मार्च
चढावरचा सिग्नल. गाडी इंचभरही मागे सरकली नाही. शाबासकी दिली. बाईंचं तोंड एवढंसं. म्हणाल्या, मास्तर, इथे सगळं जमतं, टेस्टला आरटीओचे साहेब शेजारी बसले की तीन-तीनदा बंद पडते. म्हटलं, नर्व्हसनेस. श्वास वाढवा.
दोन्ही पोटऱ्या दुखताहेत. उद्यापासून व्यायाम.

८ मार्च
व्यायाम राहिला.

१० मार्च
गाडी सर्व्हिसिंगला. आमच्या गाडीत माझ्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, अडीअडचणीला. मेकॅनिकने वाकून दाखवलं: विद्यार्थ्यांच्या पेडलचं रबर नवंकोरं, माझ्याकडचं झिजून गुळगुळीत. म्हणाला, मास्तर, गाडी चालवतंय कोण?
रबर भिकार निघालं, दुसरं काय. कंपनीला खरमरीत पत्र टाकणार. आणि विद्यार्थ्यांचे पाय हलके पडतात, ही शिकवण कुणाची?

११ मार्च
बायकोला गंमत म्हणून सांगितलं. हसली नाही. म्हणाली, मुलीने ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला तरी तुमचा पाय खाली दाबला जातो, दहा वर्षं टेबलाखाली माझ्या पायाची बोटं चेचताय.
भावाचीच बाजू घेणार ती.

१३ मार्च
एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून सीटवर मांडी घालून बसलो. पाय पेडलपासून लांब.
पहिल्याच चौकात गाडी बंद. परत चालू, परत बंद. मागे बस, बसमागे अख्खं गाव. बाईंना श्वास घ्या म्हणालो, तर माझेच चार आकडे चुकले. पाचव्यांदा मांडी कधी सुटली कळलं नाही. गाडी लोण्यासारखी निघाली.
बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं.  

१४ मार्च
बाई आल्या नाहीत. सर्दी, म्हणे.

१६ मार्च
आजही नाही. फोन उचलत नाहीत. चार दिवस राहिले. जेवण जात नाही. मुलगी विचारते, बाबा आजारी आहात का.

१७ मार्च
राहवेना. रक्तदाब तपासायच्या निमित्ताने बाई सध्या काम करतात त्या दवाखान्यात गेलो. एकशे ऐंशी निघाला. बाई म्हणाल्या, मास्तर, अपेक्षा माफक ठेवा, चार आकडे मोजत श्वास घ्या. टेस्टला मी थेट येते.
सरावाशिवाय थेट? संपलं सगळं.

२० मार्च, दुपारी १२
आरटीओच्या कुंपणाबाहेरून पाहिलं. बाई, शेजारी साहेब. चौक, चढ, रिव्हर्स. एकदाही बंद पडली नाही. कुंपणाशी उभ्याउभ्या माझ्या पोटरीत गोळा आला.
पास. रडलो. लाज कसली? तिथूनच मेहुण्याला फोन केला: बघ, याला म्हणतात पद्धत.

२० मार्च, संध्याकाळी ५
बाई आभार मानायला ऑफिसात आल्या. मेहुण्यासमोर म्हणाल्या, मास्तरांच्या शेजारी मला कधी भीती वाटली नाही. मी मान ताठ केली. पुढे म्हणाल्या, शिकले मात्र सासऱ्यांच्या जुन्या गाडीत. सहा दिवस रोज सकाळी. शंभरदा तरी बंद पाडली. सासरे शेजारी पेपर वाचत बसायचे.
बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या गेल्यावर मेहुण्याने किल्लीसाठी हात पुढे केला. दिली.

२२ मार्च
काउंटर. पहिला फोन साडेनऊला. कुणी गृहस्थ, वय बावन्न, आवाज कापत होता. विचारलं, मला जमेल का हो, तुमच्या हाताखाली आजवर किती जण शिकले?
आकडा तयार होता. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, गाडी बंद पडेल. पुष्कळदा पडेल. पडू द्या, तुमचं जमेल. माझं विचाराल तर मी अजून कुणालाच शिकवलेलं नाही.
मेहुण्याने फोन हळूच माझ्या हातातून काढून घेतला.