कडीचा डबा

९ फेब्रुवारी
काल गोव्याहून परत. सुमनचा केमोचा तिसरा डोस झाला. काट्यावर ४०.८. डॉक्टर म्हणाले, पुढचा डोस २६ला, तोवर चाळीसच्या खाली उतरू देऊ नका. उतरलं तर देता येणार नाही. "आणि चुकवून चालणार नाही," हे पेन खिशाला लावता लावता. "काय आवडतं ते करून घाला, काका."
काय आवडतं! बेचाळीस वर्षं हा प्रश्न तिने मला विचारला. मी तिला एकदाही विचारल्याचं आठवत नाही.
येताना इन्सुलीच्या चेकनाक्यावर गाडी थांबवली. पोलिसाने पिशव्या उघडून गोव्याच्या दारूच्या बाटल्या शोधल्या. मिळाल्या, औषधाच्या. बिचारा ओशाळला. "जावा काका, सांभाळून."

१० फेब्रुवारी
घरात काटा आणला. वजन ४०.६.
भात लावला. खाली करपला, वर कच्चा. ही कला जन्मजात असावी लागते. सु. म्हणाली, "ऱ्हवांदे. वासच नको वाटता." तोंडभर फोड आलेत. तिखट चालत नाही, आंबट चालत नाही, फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळतं. घरात रांधणारी एकच बाई, तीच अंथरुणावर. पंचायत समितीत छत्तीस वर्षं काढून मला येतो फक्त चहा. तोही पाणचट, असं तिचं मत.
दुपारी समोरच्या ब्लॉकमधल्या रेवतीवहिनी कडीचा डबा घेऊन आल्या. उकड्या तांदळाची मऊ पेज, आणि ओल्या काजूगरांची आमटी, नुसत्या नारळाच्या दुधातली. तिखटाचं बोट नाही. सु.ने वाटीभर खाल्ली. वाटीभर! मी दाराआड उभा राहून घास मोजत होतो.
डबा दोनदा साबणाने घासला, उन्हात वाळवला, संध्याकाळी नेऊन दिला. माझं काम चोख. ऑफिसातसुद्धा टेबलावर दुसऱ्याचा कागद राहू दिला नाही कधी.

१२ फेब्रुवारी
वहिनींचा डबा पुन्हा. सु. म्हणते, "रेवतीच्या हाताक काय ती चव आसा." व. ४०.७. शंभर ग्रॅम वर! काटा भिंतीकडे सरकवून परत बघितलं. तेच.
डबा तासाभरात परत. वहिनींनी झाकण उघडून आत बघितलं. मी म्हटलं, बघा बघा, आरसा झालाय. "बरा," एवढंच म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी
तिसऱ्यांदा डबा. पेज, तवशाचं, म्हणजे जून काकडीचं, मऊ भरीत. अर्धं संपवलं. परत देताना वहिनींनी दार पुरतं उघडलं नाही. हात बाहेर आला, डबा आत गेला. चुलीवर काही असेल.

१७ फेब्रुवारी
तीन दिवस डबा नाही. व. ४०.३.
वहिनी जिन्यात भेटल्या. "सुमनवयनी कशी आसत?" आहे तशीच, म्हटलं. "हां." आणि गेल्या खाली. दुपारी त्यांच्या दाराखालून नारळाच्या दुधाचा वास येत होता. जिन्यात उभा राहून हुंगत होतो, शरम वाटली. मागायचं कसं? जन्मात कोणाकडे वाटीभर काही मागितलं नाही.
सु.ने विचारलं, "रेवती नाय इली?" गावाक गेली असेल, म्हटलं. कशाला खोटं बोललो?

१८ फेब्रुवारी
आज कॉलनी पालथी घातली. कुडाळ संपतं आणि पिंगुळी अजून लागत नाही अशा मधल्या जागेत आमच्या या चार बिल्डिंगा. गाव सोडून इथे आलो तेव्हा सु.ला सांगितलं होतं, दारात सगळं मिळेल. मिळतं. मोमो मिळतात. नूडल्स मिळतात. पंजाबी तडका, चार तऱ्हेचे केक. एक वाटी पेज मिळत नाही. भातशेतीवर बांधलेल्या कॉलनीत पेज नाही!
सी विंगमधल्या बाई डबे देतात. आणला. पनीर, वर साखर भुरभुरलेली शेवेची भाजी. झाकण काढलं तशी सु.ने भिंतीकडे तोंड केलं. तो डबा मी खाल्ला. वाईट नव्हता, हे तिला सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी
हायवेवरच्या हॉटेलात गेलो. हातभर पाटी, "अस्सल मालवणी". नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मालकाला म्हटलं, तिखट न घालता, नारळाच्या दुधात काही करून द्याल? आजारी माणूस आहे.
"काका, ग्रेव्ही एकच आसा. लाल."
"सोलकढी?"
"पावडरीची. चलात?"
पुढे अजून दोन ठिकाणी. एकात भात बासमती, एकात म्हणाले, पेज कोण खाता हो आता. रागाने काहीतरी बोललो त्यांना. काय बोललो ते लिहीत नाही.
व. ३९.९.
चाळीसच्या खाली.

२१ फेब्रुवारी
उकडे तांदूळ बाजारातून आणले, स्वतः पेज केली. सु. गादीवरून सांगत होती, "वायच पाणी घाला. आता ढवळा. ढवळा म्हणतंय, बघत काय ऱ्हवलात!" दोन चमचे खाल्ले, माझ्यासाठी. पाच मिनिटांत सगळं बाहेर.
बाथरूमात जाऊन नळ सोडून रडलो. दाराबाहेरून हाक, "नळ बंद करा, टाकी रिकामी जायत."
संध्याकाळी म्हणते, "कनवटीक दोन वजनां बांधून जाऊया काय काट्यार?" स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. पाच दिवस राहिले. ही बाई माझ्यासमोर रोज थोडी थोडी कमी होतेय आणि मी काटा पुसून ठेवतोय. दुसरं काही येत नाही मला.

२२ फेब्रुवारी
सकाळी सु. उशाला टेकून बसली आणि सरळ विचारलं.
"रेवती गावाक नाय गेली. समोरसून तिचो खोकलो ऐकतंय मी. तुमी काय बोललात तिका?"
"काय नाय गो."
"डबे परत दिलात?"
"त्याच दिवशी. घासून, पुसून."
"आत काय घातलात?"
"आत? आत काय घालूचा? रिकामे दिले."
"तीनय?"
"तीनय."
कपाळावर हात मारून घेतला तिने. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "देवा म्हाराजा! घरातसून कोणाचा भांडा रिकामा जाता काय कधी? चिमूटभर साखर, लिंबू, नाय तर दोन अबोलीची फुला. काय तरी आत घालूचा असता! आणि ता पण आजारी माणसाच्या घरातसून. रिकामो डबो म्हणजे आता पुरे, परत नको."
मी म्हटलं, मला काय माहीत, मी आपला स्वच्छ...
"दोन वर्सांमागे तिचो घोव ह्याच दुखण्यान गेलो. तिका काय वाटला असात? घोव नाय म्हणान माझ्या हातचा ह्यांका चलना नाय."
मी खाली बसलो. जमिनीवरच.
बेचाळीस वर्षं या घरातून भांडी गेली, आली. मी पेपर वाचत बसलेला. वाटी शेजारी जाताना दिसायची, वाटीत काय आहे ते कधी बघितलं नाही. आणि वहिनी! झाकण काढून आत बघितलं त्यांनी, मी वर सांगतोय, आरसा झालाय. गाढव मी. त्या बाईने नवऱ्यासाठी शिकलेली पेज माझ्या बायकोला आणून दिली, आणि मी तिच्या तोंडावर तीन वेळा दार लावलं.
फोन कर, म्हटलं सु.ला. समजावून सांग.
"ता फोनार सांगूचा नाय. तुमी रिकामो दिलात, तुमीच भरून द्या. आपलो डबो न्या."
"साखर घालू?"
"साखर पयल्या दिवशी चलली असती."
व. ३९.७. केक खायला घातला का, असं विचारू नये कोणी. तोही घालून बघितला.

२३ फेब्रुवारी
सु.ला विचारून, चार तासांत येतो सांगून, गावी गेलो. कट्टा गावाच्या पुढे, आमची काजूची पंधरा झाडं. दोन वर्षांत फिरकलो नव्हतो, रान माजलंय. हिरवे काजू काढले पिशवीभर. तिथेच बसून कापले. राख लावायची असते हाताला, हे माहीत होतं, पण राख आणायची कोणी! सालीचा चीक बोटांना लागला, दुपारपर्यंत कातडी काळी पडली, आता आग होतेय. शेदोनशे कापले तेव्हा कुठे डबाभर गर निघाला. अर्धे तुटलेले. लहानपणी आई हे काम दिवसभर करायची आणि आम्ही उसळ कमी पडली म्हणून भांडायचो.
घरी आलो तेव्हा सु. झोपली होती. पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. व. घेतलं नाही. धीर झाला नाही.

२४ फेब्रुवारी
सकाळी आमचा कडीचा डबा घेऊन वहिनींच्या दारात. तोंडपाठ करून गेलो होतो काय बोलायचं ते. दार उघडल्यावर ते राहिलं बाजूला. डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढलं. काजूगर बघितले, मग माझे हात बघितले.
"ह्या कोणी सोल्ल्यान?"
"मी."
"तुमी!"
मग बोललो एकदाचं. "वयनीनू, माका कळला नाय. आमच्यात भांडी ही बघता. मी गाढव. तुमच्या हातच्याशिवाय तिच्या पोटात काय ऱ्हवणा नाय."
डबा छातीशी धरून उभ्या. "हाताक खोबरेल लावा," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.
राग गेला की नाही? सु.ला सगळं शब्दशः सांगितलं. तिने तीनदा सांगायला लावलं. "डबो घेतल्यान ना? मगे गप ऱ्हवा. आमचो डबो ती रिकामो धाडूची नाय."

२५ फेब्रुवारी
दिवसभर कान दाराकडे. दूधवाला आला, सी विंगच्या बाई बिल न घेता चौकशी करून गेल्या, भलं होवो. वहिनी नाहीत. दुपारी त्यांच्या घरातून कसला वाससुद्धा नाही. दार बंद, कडी बाहेरून. गेल्या कुठे?
सु.ने नारळपाणी घेतलं अर्धा पेला. व. ३९.५. उद्या काटा. काय सांगू डॉक्टरांना? बायको उपाशी मारली, कारण डब्यात साखर घालायची असते हे मला माहीत नव्हतं?
सु. म्हणते, "तुमी नको ता लिवत बसा नको." बंद करतो.

२६ फेब्रुवारी
गोवा. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये बाकावर. नंबर १७. आता ९ चालू.
पहाटे निघायला दार उघडलं तर कडीला पिशवी. आत डबा, हात लावता येणार नाही इतका गरम. आमचा नव्हे, त्यांचाच, कोपऱ्यात पोचा आलेला. समोरचं दार बंद, पण खाली फटीतून उजेड होता. उभ्या असणार दारामागे, मी ओळखलं. मी दाराला म्हटलं, "येतंव वयनीनू." आतून खोकला आला.
इन्सुलीपर्यंत सु.ने डबा मांडीवर घेतला होता. उघडला नाही. शेकत बसली पोटाला. इथे पोचल्यावर उघडला. पेज, आणि वर काजूगराची आमटी, नारळाच्या दुधात. तुटके गर. माझेच. मीठ किती बेताचं ते सु.ने चमचा जिभेवर धरून मला सांगितलं. पहिले दोन घास मी बघितलेच नाहीत, समोरच्या भिंतीवरचा बोर्ड वाचत बसलो. आठ घास झाले. दहा मिनिटं झाली, पोटात राहिलंय.
अर्ध्या किलोचा प्रश्न आहे. वाटीभर पेज किती भरते? शेजारच्या बाकावरच्या माणसाला विचारणार होतो, वेडा म्हणेल.
१३ चालू.
मी म्हटलं, "गो, आमचो डबो दिल्यानच नाय. विसरली वाटता."
सु.ने चमचा खाली ठेवला. "विसरूक ती काय तुमी आसात? ठेवन घेतल्यान मुद्दाम."
"कित्याक?"
"म्हणजे तो आणूक माका परत जावक होया. मीच जातलंय. तुमका नाय धाडूचंय."
१५. चप्पल काढून ठेवली तिने. शाल पण काढून माझ्याकडे दिली, आणि मग परत मागून घेतली. "ऱ्हवांदे. शालीचा पण वजन असता."
नववा घास घेतेय.