वडिलांच्या जागी

चिरंजीवा, उदंड आयुष्य लाभो.

काल तुझ्या आरोग्य-कंपनीच्या सभेत तू घटकाभर काम थांबवून सर्वांचे आभार मानलेस. फोनवरून वृद्धांची विचारपूस करणाऱ्या मुली, गाडीचा चालक, झाडलोट करणाऱ्या मावशी, कोणीही सुटले नाही. मग त्या वयस्क डॉक्टरांना पुढे बोलावून तू त्यांच्या पायाशी वाकलास आणि म्हणालास, "हे मला वडिलांच्या जागी."

मी पहिल्याच रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या. शेजारच्या मुलीने विचारले, "आजोबा, तुम्ही कोणाकडचे?"

"मी आपला खुर्ची भरायला आलोय," मी म्हणालो. ती मनापासून हसली.

षड्रिपूंवर मी आयुष्यभर प्रवचने केली. त्यांतला सहावा, मत्सर, पांढरा कोट घालून समोर येईल, हे मात्र कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. आज जपाला बसलो, तर देवाच्या नावाआधी त्या गृहस्थांचेच नाव ओठांवर आले.

हे पत्र तुला धाडणार नाही. उद्या तुझ्याच आज्ञेवरून ते मला तपासायला येत आहेत. रक्तदाब चढलेला निघेल. ते मिठाला दोष देतील आणि मी तो देऊ देईन.

अजूनही त्याच जागी असलेले,
तुझे बाबा